चार पानांचा घास

म्हशीसाठी लावलेल्या लसूणघासाला तीन-तीन पानं असतात. चार पानांची काडी शोधण्यात माझी अख्खी दुपार जायची, सासूबाईंना ती उभ्याउभ्याच दिसायची.

"शोधायचंच न्हाई," त्या म्हणायच्या. "समद्यावरून नुसती नजर फिरव. येगळं असंल तिथं ती आपसूक अडकती."

मंठ्याकडच्या बियाण्यांच्या प्लॉटवर भेसळ काढण्यात त्यांचा जन्म गेला. तिथं वेगळं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं. मला मेलीला जपून ठेवायची असलेली चार पानंही त्या तशीच उपटून फेकत.

परवा अंगणात त्यांच्या साऱ्या नाती खेळत होत्या. सासूबाईंची नजर सगळ्यांवरून सावकाश फिरली आणि माझ्या लेकीवर अडकली.

मी तिला आत ओढलं आणि कडी लावली.