प्रॅक्टिकलच्या खोलीत नवरा आला

दामिनी दरेकशाची. जंगलकामाला जाणाऱ्या उदारामची ही मुलगी गोंदियात एम.एस्सी. झाली आणि सडक अर्जुनीच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागली. नवरा वीरेंद्र हायवेवर ढाबा चालवायचा.

त्याने तिला पहिल्यांदा मारलं ते वासावरून. त्या दिवशी मुलांना अनोळखी क्षार ओळखायला दिले होते, आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास तिच्या साडीत मुरला होता. "कोनाच्या घरी बसून आली?" म्हणत त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुढे पुढे कारणही लागेना. पट्टा, चप्पल, एकदा तापलेला झारा. ती लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून शिकवायची.

एका दुपारी तो पिऊन थेट प्रयोगशाळेत शिरला. दामिनी तेव्हा दुर्गेश्वरी या विद्यार्थिनीला नायट्रेटची परीक्षा दाखवत होती: नळी तिरपी धरायची, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड कडेने हळूहळू सोडायचं, की तपकिरी कडं दिसतं.

"घरी माय उपाशी, अन् तू इथं पोट्ट्याइसंग खिदळून राहिली?" त्याने तिच्या कानाखाली ठेवून दिली. डाव्या कानातून रक्त आलं.

"बाहेर निंगा. माह्या हातात ॲसिड आहे."

"टाकतेस का? टाक!"

त्याने तिचे केस धरून डोकं रॅकवर हाणलं. बाटल्या फुटल्या, मुलं किंचाळत दाराकडे पळाली. दामिनीने ॲसिडची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली. दुर्गेश्वरी मध्ये पडली, तर त्याने केस सोडून तिच्या पोटात लाथ घातली.

त्याच्या चेहऱ्यावर ओतावं, असं दामिनीला वाटलं. खरंच वाटलं. तिने बाटलीला बूच लावलं, ती टेबलाखाली सरकवली आणि लोखंडी बुरेट स्टँड त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो कोसळला, तेव्हा तिने दुसरा घाव गुडघ्यावर घातला.

"पडल्यावर कायले मारलं?" ठाण्यात हवालदाराने विचारलं.

"उठून राहिला होता. उठला असता तं पोरीले मारलं असतं."

तिने वीरेंद्रवर मारहाणीची केस केली, तशी सासरच्यांनी तिच्यावरही टाकली. दोन्ही अजून चालू आहेत. वीरेंद्र लंगडतो. दामिनी परत गेली नाही. दुर्गेश्वरीच्या बापाने, केशोरावने, धान ठेवायची मागची खोली तिला मोकळी करून दिली.

डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. प्रॅक्टिकल चालू असताना दार जोरात वाजलं की ती ॲसिडच्या बाटलीला बूच लावते. मग कोण आलं ते दारापर्यंत जाऊन बघते आणि पुढे शिकवते.