खांदेमास्तरांच्या घरचा खांदा

दादा,

तुझ्या शिष्यांनी तुझ्या पंचाहत्तरीची पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि तुझ्याविषयी मी चार चांगले शब्द लिहून द्यावेत असा त्यांचा हट्ट आहे. त्यांतला तो दातांचा डॉक्टर पुन्हा पुन्हा येऊन दारात उभा राहतो. "बाई, बंधूंच्या आठवणी जरा गोड असू द्या," म्हणाला. मी म्हटलं, गोड हवं असेल तर दातांच्या डॉक्टरानं तरी मागू नये. चार शब्द शोधले, दोन सापडले : तुझा उजवा खांदा आणि तुझा डावा खांदा. पुढं लिहायला बसलं की हात शिवशिवतो आणि पेन कागद फाडतं. तेव्हा तिऱ्हाइतासारखं लिहिते. यापुढं तू 'तो', मी 'धाकटी', आणि वहिनी ती वहिनीच. हिंमत असेल तर छापा म्हणावं.

तर हा गृहस्थ नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होता. तिरक्या टेबलावर मूळ नकाशा, त्यावर अर्धपारदर्शक कागद, आणि दिवसभर मान खाली घालून नदीवरून नदी, रस्त्यावरून रस्ता गिरवायचा. स्वतःची एक रेघ मारायची सोय नाही. उजवा हात सतत अधांतरी. चाळिशी ओलांडली आणि तो खांदा जखडला. शर्टाची बाही सापडेना, केसांतून कंगवा फिरेना. त्या काळात वहिनी त्याला शर्ट घालायची, भांग पाडायची आणि बसमध्ये त्याच्या उजव्या अंगाला कोट होऊन उभी राहायची, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. हे सगळं ती कुणाला न सांगता करायची. कचेरीत कुणाला पत्ता नव्हता.

कचेरीच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे मुद्गलांची एक जोडी होती. मुठीशी बारीक, बुडाशी जाड, लाकडाच्या थोराड बाटल्यांसारखी. त्यानं त्यातलं हलकं याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही फिरवू नका. त्याला फिरू द्या, तुम्ही नुसतं धरून राहा." छातीसमोर उभं धरायचं, खांद्यावरून पाठीमागं सोडायचं, पाठीवर लोलकासारखं झुलू द्यायचं आणि दुसऱ्या अंगानं पुढं आणायचं. हळूहळू खांदा सुटला. इथपर्यंत धाकटीची काही तक्रार नाही. मुद्गल ही वस्तू चांगलीच. हातात फिरते तोवर चांगली. याच्या ती डोक्यात फिरू लागली.

निवृत्त झाल्यावर यानं घरातच वर्ग काढला. लोक 'खांदेमास्तर' म्हणू लागले आणि ते ऐकून याची छाती अशी काही फुगली की ती पुन्हा बसलीच नाही. रस्त्यानं जाताना याला माणसं दिसेनाशी झाली, नुसते खांदे दिसायला लागले. शेजारचे गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या रडणाऱ्या मुलाला मिठी मारता मारता यानं त्याची पाठ चाचपली आणि म्हणाला, "डावा चढलाय रे तुझा." धाकटी तिथंच होती. जमीन दुभंगली असती तर ती आनंदानं आत गेली असती, जाताना याला ढकलून.

गेल्या पावसाळ्यानंतर धाकटीच्या घरातले नळ बदलायला काढले, म्हणून ती दादाकडं राहायला गेली. पहिल्याच सकाळी बाहेरच्या खोलीतल्या धपधप आवाजानं तिला जाग आली. दार उघडलं आणि आधी वास आला. जवसाचं तेल, मलम आणि न्हालेल्या-न न्हालेल्या डझनभर माणसांचा घाम, सगळं एका बंद खोलीत शिजत होतं. पंखा नव्हता. एकदा पंख्याचं पातं आणि मुद्गल यांची गाठ पडली होती, तेव्हापासून पंखा उतरवला तो उतरवलाच. फरशीवर थेंब. मुठी हजार तळव्यांच्या मळानं काळ्या आणि चिकट. दातांचा डॉक्टर दर फेरीला तोंडानं असा फूत्कार सोडत होता, जणू समोर कुणी तोंड उघडून बसलंय. आणि मधोमध दादा, बनियन घालून, स्वतःच्या दंडाकडं कौतुकानं बघत.

धाकटीला उबग आला तो या वासाचा नव्हे. वास धुतला जातो. वर्ग सुटल्यावर तिनं पाहिलं, भिंतीशी सारलेला अवजड सोफा वहिनी कमरेनं आणि एका हातानं ढकलत जागेवर आणत होती.

"अरे, हात लाव की!" धाकटी ओरडली.

"आत्ता नाही गं," तो म्हणाला. "आत्ता सांधे सैल झालेत. लगेच वजन घेतलं की उसण भरते."

"मग सकाळी आधी लावत जा."

"छे! तेव्हा स्नायू थंड असतात. झटका बसतो."

"म्हणजे तुझे खांदे मधल्या वेळात उचलण्याजोगे असतात, आणि मधल्या वेळात तू झोपतोस."

"बाईसाहेब, तुम्ही कॉलेजात झाडं शिकवली. झाडाला खांदा नसतो," तो हसत म्हणाला. वहिनीही हसली. सोफा तोवर जागेवर आला होता.

मग त्यानं तिला घर दाखवलं, एखादा राजा राज्य दाखवतो तसं. स्वयंपाकघरातले वरचे सगळे कप्पे रिकामे आणि त्यांत मुद्गलं ओळीनं मांडलेली. डबे, बरण्या, भांडी खाली, काही तर थेट फरशीवर. "तुझ्या वहिनीनं माझ्यासाठी केलं हे. न सांगता! जोड्या ठेवायला जागा हवी, हे तिच्या आपसूक लक्षात आलं." गॅलरीतली कपड्यांची दोरी छातीइतकी खाली आलेली. "मला हात फिरवायला वर मोकळं लागतं ना, म्हणून." वहिनीचे लांब केस कापलेले. "आणि ही बघ, म्हातारपणी मॉडर्न झाली!"

धाकटीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला. साखरेचा डबा खाली होता, मुंग्या लागतील म्हणून तो उचलून वर ठेवला.

"वन्सं, साखर कुठं गेली?" वहिनीनं विचारलं.

"वर आहे."

वहिनी कप्प्याकडं बघत उभी राहिली. मग पायानं स्टूल ढकलत आणलं, त्यावर चढली आणि डाव्या हातानं डबा काढला. उजवा हात पोटाशी तसाच, मिटून ठेवलेल्या छत्रीसारखा.

"वहिनी, उजवा हात वर कर."

"कशाला आता?"

"कर म्हणते ना."

हात कोपरापासून उचलला गेला, पुढं जाईना. खांदाच कानाकडं चढला आणि वहिनीच्या कपाळावर घाम आला. धाकटीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. कप्पे का रिकामे झाले, दोरी का उतरली, केस का गेले. घरातली प्रत्येक वस्तू त्या हाताबरोबर खाली खाली आली होती, आणि हा गाढव त्यात स्वतःचा मान बघत होता.

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले असतील. एकदा सोफा अडकला तेव्हा कळ आली, ती गेलीच नाही."

"आणि दादाला सांगितलं नाहीस?"

"ते विचारतील म्हणून थांबले. सगळ्यांना विचारतात ना. दूधवाल्यालासुद्धा विचारतात." वहिनीनं साखर चहात टाकली. "काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, वन्सं. इथं काखच उघडत नाही, कळसा निघणार कुठून?"

स्वतःच्या विनोदावर ती हसली. धाकटीला हसू आलं नाही.

त्याच दुपारी धाकटी तिला हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर पोरगेलासा होता पण शहाणा. हात हलवून पाहिला आणि म्हणाला, "उशीर झालाय, पण हातचं गेलेलं नाही. दोरी-कप्पीचा व्यायाम रोज करा, हळूहळू. आणखी लांबवलंत तर हा हात डोक्यावर जाईल याची मी खात्री देत नाही. कुणालाही ओढू देऊ नका, आणि जड ढकलणं बंद."

घरी येऊन धाकटीनं दादाला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, माणूस निदान ओशाळेल. तो ओशाळला, पण भलत्याच गोष्टीला.

"डॉक्टरकडं? कुठल्या? चौकातल्या? अगं, माझे निम्मे विद्यार्थी त्या चौकातून जातात! कुणी पाहिलं तर नाही?"

"पाहिलं तर?"

"लोक काय म्हणतील? खांदेमास्तरांची बायको खांदा दाखवायला दुसऱ्याच्या दारात!" मग वहिनीकडं वळून, आवाजात मध घालून, "तू मला आधी सांगायचं नाहीस का? मी कशाला आहे?"

वहिनी कप विसळत होती. "तेच मलाही कळत नव्हतं," ती म्हणाली.

तेवढ्यावर थांबला असता तरी धाकटीनं त्याला माफ केलं असतं, भाऊ आहे म्हणून. पण दुसऱ्या दिवशी वर्ग ऐन रंगात असताना त्यानं वहिनीला हाक मारली. तिला वाटलं, टॉवेल हवाय. ती टॉवेल घेऊनच गेली. त्यानं तिला मधोमध उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आज एक जखडलेला खांदा प्रत्यक्ष बघा. पुस्तकात मिळायचा नाही." आधी त्यानं तो कुठं कुठं अडतो ते बोटांनी दाबून दाखवलं. मंडळी पुढं सरकली. घामेजलेली बोटं एकेक करून वहिनीच्या खांद्याला लागली. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "मास्तर, व्हिडिओ घेतला तर चालेल?" मास्तरांना चालत होतं. मग त्यानं हलकं मुद्गल वहिनीच्या मुठीत दिलं, कोपर धरलं आणि तिचा हात खांद्यावरून मागं नेला.

वहिनी किंचाळली. मुद्गल फरशीवर पडलं आणि घरंगळत सोफ्याखाली गेलं. धाकटी आतून धावत आली, तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खांदा धरून उभी होती, आणि तो वर्गाला सांगत होता, "घाबरायचं कारण नाही. पहिल्यांदा असं होतंच."

"हात काढ," धाकटी म्हणाली.

"अगं, शास्त्रशुद्ध आहे हे..."

"हात काढ म्हटलं ना!"

बोलली मात्र वहिनीच. दम खात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अहो, तुमचा खांदा गेला होता तेव्हा मी तुमच्या अंगात शर्ट घालत होते. तुम्हाला चारचौघांत कधी उभं केलं होतं का मी?"

दातांचा डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, मास्तरांचा हेतू चांगला..."

"तुम्ही दातांचं बघा," वहिनी म्हणाली. "वन्सं, तुमच्याकडचे नळ झाले का?"

"एक मोरी उखडलेली आहे."

"चालेल मला."

तेव्हापासून वहिनी धाकटीकडं आहे. न्हाणीच्या दारावर कप्पी टांगली. डाव्या हातानं दोरी ओढायची की उजवा वर येतो, तोही तिचं तीच ठरवेल तेवढाच. सुरुवातीला दोरी ओढताना ती दादाला अशा काही शिव्या द्यायची की धाकटीनं एवढ्या शिकलेल्या आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. हात आता मानेमागं पोचतो. डोक्याच्या वर अजून जात नाही. जाईल असं डॉक्टर म्हणतो, पण शपथ घालून म्हणत नाही.

त्याचा फोन येतो. हात कसा आहे, हा त्यातला शेवटचा प्रश्न आणि कधीकधी तो राहूनही जातो. आधी असतं, "तिकडं कुणाला काही बोलली नाहीस ना?" मग एकदा म्हणाला, "बरं वाटतंय ना तिला? मग पंचाहत्तरीला व्यासपीठावर येईल आणि एक फेरी फिरवून दाखवील. हलकी जोडी. लोकांना कळेल की मास्तरांनी घरातसुद्धा..."

धाकटीनं फोन वहिनीच्या हातात दिला. किळस आली की तिला नुसतं थुंकावंसं वाटतं.

"अहो," वहिनी म्हणाली, "हात वर गेला तर मी तो पडद्याच्या दांडीला लावीन. पडदे धुवायचे राहिलेत." आणि ठेवून दिला.

थंडी पडायला लागली तेव्हा निघाली ती एक साधी गोष्ट. वहिनीचा जाड लोकरी कोट तिकडंच राहिला होता, न्हाणीवरच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. गेली दोन वर्षं तिला तो काढता आला नव्हता आणि ती दोन स्वेटर एकावर एक घालून भागवत होती. दादा उंच. टाचासुद्धा उचलायला नकोत, हात वर केला की ट्रंक. धाकटीनं त्याला सांगितलं, "एवढा कोट काढून आणून दे. बाकी काही मागत नाही."

"उद्याच आणतो," तो म्हणाला.

नंतरच्या फोनवर म्हणाला, "हो, लक्षात आहे." त्याच्यानंतर पुस्तिकेचं मुखपृष्ठ कसं असावं यावर बोलला. एक दिवस तो स्वतःच दारात आला, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. धाकटीला क्षणभर बरं वाटलं. त्यानं कापड सोडलं. आत नवी छोटी जोडी होती, पॉलिश मारलेली, वहिनीसाठी, आणि समारंभाची निमंत्रणपत्रिका.

"आणि कोट?" धाकटीनं विचारलं.

"अरे हो, कोट," तो म्हणाला. "तो राहिलाच बघ."

वहिनीनं तो हिवाळा धाकटीच्या जुन्या कोटात काढला. तो तिला तंग होतो, बटणंसुद्धा लागत नाहीत. थंडी सरली. ट्रंक माळ्यावर आहे.