नातीच्या दारातला पहारा

तरुणपणी कुणी आजारी पडलं, की भेटायला निघालेल्या जीपमध्ये पहिली मी. खिडकीजवळची जागा आधी धरायची, रोग कोणता ते नंतर विचारायचं. एकदा गोवर आलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसले आणि पोरगं आता बरं दिसतं म्हणून साऱ्या वाटूर गावाला सांगत फिरले. पंधरा दिवसांत माझ्याच अंगावर गोवर. अशी शहाणी यंदा घरच्यांनी पहाऱ्याला बसवली.

नातीला रक्ताचा कॅन्सर. केमोनं गेला आणि परत आला. मंग मुंबईच्या डॉक्टरांनी तिला नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. तिच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढल्या, कॅन्सर ओळखता यावा म्हणून प्रयोगशाळेत बदलल्या, वाढवल्या आणि सलाईनसारख्या परत सोडल्या. थोड्याच लोकांवर करून पाहिलेलं. गुण येईलच असं कुणी म्हणालं न्हाई. सडकून ताप चढला, आयसीयूत न्यावं लागलं. ताप उतरला. तपासणीत कॅन्सर दिसला न्हाई. पण रोगाशी लढायची ताकद अजून भरून आली नव्हती. साधी सर्दीही जिवावर बेतेल, कुणाला जवळ येऊ देऊ नका, असं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं.

दुसऱ्याच दिवशी अंकुशनगरहून माझ्या थोरल्या जाऊबाई जीप भरून बाया घेऊन हजर. नारळ, केळी, सगळं बराबर. मी दारात खुर्ची टाकली.

"पोरीला बघू तर दे. लांबूनच बघतो."

"बघा की. जीपमधून."

"म्हंजे आम्ही रोग घेऊन आलो का?"

"तुम्ही न्हाई हो बाई. तुमच्या नाकाचा भरवसा न्हाई."

बाया हसल्या, जाऊबाई न्हाई. आमच्यात आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला दारातून परत लावणं म्हणजे नातंच तोडणं. अंगणात चहा दिला, त्यांनी कपाला हात लावला न्हाई. जीप वळली, ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. पण उठले न्हाई.

आता पुढची तपासणी महिनाअखेरीस. जाऊबाई अजून बोलत न्हाईत.

काल नातीनं आतून विचारलं, "आज्जी, रिपोर्ट चांगला आला तर आधी कुणाला बोलवायचं?"

"अंकुशनगरच्या मोठ्या आज्जीला."

"आणि चांगला न्हाई आला तर?"

"तरी तिलाच," मी म्हटलं. "भांडायला मला माणूस लागतं."