‘व्हय’ म्हणवून घेणारा फळा

इन्सुलीच्या नाक्यावर सावंतवाडीची एस.टी. थांबली आणि कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, “बाई, मालवणचे इनास मास्तर वारले हो! काल सांजेक.” मी हातात भाजीची पिशवी घेऊन उभी. गाडी गेली, धूळ बसली, तरी मी तिथेच. मग घरी येऊन भांडी आपटत सगळा स्वयंपाक केला. मला रडू आलं की आधी राग येतो, हे माझ्या घरातल्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला उशीर झाला, कारण मास्तरांनी माझे हात बांधून ठेवले होते. शेवटची भेटले तेव्हा ते घराच्या सोप्यावर आरामखुर्चीत बसले होते, पायांवर शाल, आवाज पार खोल गेलेला. मला बघताच म्हणाले, “सुलू, तू माज्यार लिवतलंस, माका म्हायती आसा. पण लोकांक रडवू नको गो. रडलेलो माणूस गप बसता. माका बसलेलो माणूस नको, उठलेलो व्हयो.” मी म्हटलं, “मास्तर, शुभ बोला.” तर म्हणतात, “शुभच बोलतंय!” आणि खोकत खोकत हसले. तेव्हा वाचकहो, रडगाणं गाणार नाही. आणि खरं सांगू? त्या माणसाची आठवण काढली की रडण्याआधी अंगात वारंच शिरतं!

मी मालवणच्या शाळेत नोकरीला लागले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. मी दर्यावर्दी घरातली, आमच्या वाडीतली पहिली शिकलेली मुलगी, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हते. इनास मास्तर तिथले जुने शिक्षक. उन्हाळा असो की थंडी, अंगात करडा कोट, डोक्यावर टोपी, खिशात खडूचे तुकडे. आयतवारी चर्चमध्ये मिस्साला जायचे आणि उरलेला आठवडा मासळी बाजारात. बाजाराच्या तोंडाशी एक बंद पडलेलं मिठाचं गोदाम होतं. त्याच्या भिंतीला त्यांनी शाळेतला एक टाकाऊ फळा ठोकला होता आणि दर आठवड्याला त्यावर ते काहीतरी लिहायचे. विहिरीत कपडे धुऊ नका, देवीची लस टोचून घ्या, मुलगी सातवीतून काढू नका. आम्ही नव्या शिक्षकांनी त्याला ‘इनासाचं वर्तमानपत्र’ असं नाव ठेवलं होतं.

पण खरी गंमत लिहून झाल्यावर असायची. खडू खिशात टाकायचा, समोरच्या तिसऱ्यावालीकडे, म्हणजे शिंपल्या विकणारीकडे, जाऊन उगाच घासाघीस करत बसायचं आणि डोळा मात्र फळ्यावर! म्हणजे फळ्यावर नव्हे, वाचणाऱ्यांच्या पायांवर. एकदा मला हाताला धरून उभं केलं. “ऐक गो, तोंडाक बघू नको. तोंड खोटां बोलता. पाय बघ. खंयच्या ओळीर पाय फिरतत तां बघ.” माणूस ज्या ओळीवर वळून चालू लागे ती ओळ मास्तर जाऊन पुसायचे आणि नवी लिहायचे. दुपारपर्यंत एकेक मजकूर चार चार वेळा बदललेला असे. तिसऱ्यावाली वैतागायची, “मास्तरानु, तिसरे घेतलात काय लिवणां घेतलात?” मास्तर शेवटी तिसरे घ्यायचेच, कारण तिसऱ्यांच्या सुक्यावर त्यांचा भारी जीव!

आमच्या वर्गात खाडीपलीकडच्या वाडीतली शेवंती नावाची मुलगी होती. हुशार, तोंडाळ, थोडी माझ्यासारखीच. ती यायची बंद झाली. चौकशी केली तर कळलं, होडीतून अलीकडे उतरायला धक्काच नाही. भरती असली तर बरं, सुकतीला होडी लांबच रुतायची आणि मांडीभर चिखलातून यावं लागायचं. तिच्या आवशीसारख्या कोळणी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तसंच यायच्या, वर्षानुवर्षं. पोरीला मात्र भिजल्या परकराने दिवसभर वर्गात बसायची लाज वाटायची. मुलगे हसायचे. ती घरी बसली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न उरकायचं ठरत होतं. हे ऐकल्यावर मास्तर उठले ते उठलेच. “सुलू, ह्या चेडू परत येवक व्हया. धक्को बांधूचो!” कसा बांधायचा, कोण बांधणार, काही पत्ता नाही. पण बांधायचा!

अर्ज झाले. एक साहेब येऊन खाडी बघून गेले, सोलकढी पिऊन गेले, आणि गेले ते गेलेच. मग मास्तरांनी फळा हाती घेतला. पहिल्या आठवड्याला लिहिलं, “खाडीपलीकडील भगिनींच्या हालअपेष्टांकडे समस्त नागरिकांचे लक्ष वेधू इच्छितो…” आम्ही तिसऱ्यांशेजारी उभे. पाय ‘हालअपेष्टां’वर फिरायचे. मास्तरांनी ‘हाल’ लिहिलं, पाय पुढच्या शब्दावर फिरले. दुसऱ्या आठवड्याला कळवळून लिहिलं. एक म्हातारी ऐकून डोळे पुसून गेली, बांगडे घेऊन. तिसऱ्या आठवड्याला चिडून लिहिलं, तर लोक म्हणाले, आज मास्तर तापलेत वाटतं. मास्तर त्या दिवशी तिसरे न घेताच घरी गेले.

आणि पुढच्या आठवड्याला येऊन बघते तर काय, फळ्यावर गाऱ्हाणं! आमच्याकडे देवळात मानकरी देवापुढे उभा राहून गावाचं सुखदुःख मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणतात. आणि एकदा ‘व्हय’ म्हटलं की ते देवासमोर म्हटलेलं असतं, त्यातून सुटका नाही. मास्तर ख्रिस्ती, पण जन्मभर शेजारच्या जत्रेला उभा राहिलेला माणूस. त्यांना ते कानाने पाठ होतं. फळ्याजवळ नेमका भिकू आला. भिकू दिवसा पानाचं दुकान चालवायचा आणि दशावतारात राजा व्हायचा. त्याला हळू वाचणं ठाऊकच नव्हतं. त्याने पान गालात सारलं आणि सुरू केलं:

“बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां गाऱ्हाणां घालतत, तां ऐक म्हाराजा!”

आणि मासळी कापता कापता, भाव करता करता अख्खा बाजार सवयीने गरजला, “व्हय म्हाराजा!”

“आमच्या आवशी-भयणी मांडीभर चिखलातसून डोकयेर पाटी घेवन येतत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“चेडवां भिजल्या परकरान शाळेक येवक लाजतत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर येत्या आयतवारी सुकतीक, हंय उभो आसलेलो परतेक बापयो घरटी एक चिरो घेवन खाडयेर धक्को बांधूक येतलो, म्हाराजा!”

“व्हय म्हा…”

म्हणून बसले! आवाज अर्ध्यावर अडकला, पण उरलेल्या अर्ध्या बाजाराने तोवर पुरा करून टाकला होता. गे बाय माझे! माशांवरच्या माश्यासुद्धा ऐकू येत होत्या. भिकूने पान गिळलं. मास्तर कोटाच्या खिशात हात घालून गाभोळीचा भाव विचारत होते. मला इतकं हसू लोटलं की मी पदर तोंडात कोंबला.

पण प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. दुपारीच देवळाचे मानकरी तात्या गावकर काठी आपटत आले. मी घाबरले, आता मास्तरांचं काही खरं नाही. “गाऱ्हाणां देवळात घालतत, मासळीबाजारात नाय! आणि घालणारे तुमी कोण?” मास्तर टोपी काढून म्हणाले, “तात्यानु, मी घातलंय नाय. मी नुसता लिवलंय. घातलां तां बाजारान.” तात्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मी सवयीने त्यांचे पाय बघत होते. पाय हलले नाहीत. “बारा-पाचाचा नाव खंय आसा ह्यात?” ते गुरगुरले. बारा-पाच म्हणजे गावची सगळी देवस्थानं, त्यांचं नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. “अर्धवट गाऱ्हाणां गावाक बरां नाय. आयतवारी मी येतंय. पुरां घालूक व्हया.”

तो आयतवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकजण गल्लीत कुरकुरत होता, “मी व्हय म्हटलंच नाय.” त्याची बायको दारातून ओरडली, “मी आयकलंय मां! उचल चिरो!” बैलगाड्या आल्या, होड्या आल्या, दोघादोघांनी धरलेले जांभ्या दगडाचे तांबडे चिरे आले. मिस्सा आटपून मास्तर आले ते कोटासकट, टोपीवर चुंबळ ठेवून वर एक चिरा! तात्यांनी नारळ हातात घेतला आणि हळूच विचारलं, “मास्तरानु, तुमच्या देवाचा नाव पण घालू काय?” मास्तर म्हणाले, “घाला. तो पण हंयच उभो आसा.” आणि खाडीच्या दोन्ही काठांवरून जो ‘व्हय म्हाराजा’ उठला… अंगावर काटा आला हो, आत्ता लिहितानाही येतोय. पहिला थर भरतीने नेला. शिव्या देत पुन्हा घातला. आयतवारामागून आयतवार गेले, पण पावसाआधी धक्का उभा राहिला आणि शेवंती कोरड्या परकराने येऊन पहिल्या बाकावर बसली. माझ्याशी पहिल्याच दिवशी वाद घातलान!

मी धावत फळ्याकडे गेले. म्हटलं, ते गाऱ्हाणं उतरवून ठेवते, एवढं चांगलं लिहिलेलं पुढे मिळायचं नाही. मास्तर तिथेच होते आणि कोटाच्या बाहीने फळा पुसत होते. मी भांडले. तुमचं एवढं एक तरी लिखाण राहू दे म्हणून अक्षरशः हात धरला. “कित्याक गो ठेवूचा?” म्हणाले. “धक्को आसा मां!” आणि पुसलंच. मेल्या माणसाला बोलू नये, पण त्याबद्दल माझा राग कधी गेला नाही. लोकांची पुस्तकं राहतात, कात्रणं राहतात. ह्यांची एक ओळ कुठे नाही.

परवा रोजाबायला, मास्तरांच्या पत्नीला, भेटायला मालवणला गेले होते. परतताना पाय आपोआप खाडीकडे वळले. सुकती होती. होडी लागली आणि एक कोवळी कोळीण, नुकतीच लग्न होऊन पलीकडच्या वाडीत आलेली असावी, डोक्यावर पाटी घेऊन पायऱ्या चढत वर आली. मला राहवलं नाही. म्हटलं, “गो, ह्यो धक्को कोणी बांधलो, म्हायती आसा तुका?” तिने पाटी सावरत माझ्याकडे असं पाहिलं जणू मी खाडी कोणी खणली ते विचारलं. “कोणी म्हणजे? ह्यो पयल्यापासूनच आसा मां!”

मी तिच्यावर खेकसणारच होते. तोंड उघडलंही होतं. इनास मास्तर, तात्या, भिकू, सगळी नावं जिभेवर आली होती… पण ती थांबली कुठे! भाव उतरायच्या आत तिला बाजार गाठायचा होता. ती झपाझप पुढे निघून गेली आणि तिच्या लुगड्याचा काठ कोरडा ठणठणीत होता.