थॉर्नबींसाठी शिरा

हसायचं नाही, या अटीवर सांगते. हसणारच तुम्ही, पण निदान चहा तोंडात असताना नको!

जर्मनीत, बॉनला आमच्या शेजारी फ्राऊ वेबर राहतात. चर्चचा कॉयर त्याच चालवतात. भांडी घासताना मी गाते ते भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी मला उचललंच! पहिल्याच तालमीला ट्राम चुकली. धापा टाकत पोचले, तर बाई सगळ्यांना बजावत होत्या, "रविवारी प्रवचन झालं की थॉर्नबी. इंग्लिश आहे, खूप जुना. ओढू नका त्याला, सावकाश घ्या. मध्येच श्वास तुटता कामा नये. आणि शेवटी वर चढतो, तिथे सांभाळा!"

म्हातारा पाहुणा, त्यात दमेकरी, आणि चर्चला अकरा पायऱ्या! नीट विचारावं की नाही कुणाला? छे! मी आपली "या, या, गेनाऊ!", म्हणजे "हो, हो, अगदी बरोबर!", करत मान डोलावली.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना तर आणखीच कळवळा. "अगं, दात तरी असतील का त्यांना? मऊ शिरा करते."

रविवारी मी पायऱ्यांशी उभी. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. काठीवाला दिसला की जर्मन रीतीने विचारायचं, "हेर थॉर्नबी?", म्हणजे आपलं श्रीयुत थॉर्नबी. एक आजोबा "नाइन", म्हणजे नाही, म्हणाले, पण खुर्चीत मात्र बसले!

तेवढ्यात आत गाणं सुरू झालं. काय चाल होती हो! उभ्या उभ्या डोळे भरून आले.

गाणं संपलं आणि फ्राऊ वेबर लालबुंद होऊन बाहेर. "कुठे होतीस तू?"

"थॉर्नबींची वाट बघतेय. आलेच नाहीत!"

"आले नाहीत? आत्ता चार कडवी गायलो आम्ही!"

मग उलगडा झाला. इंग्रज लोक प्रार्थनेच्या चालीला वेगळं नाव देतात म्हणे. शब्द बदलले तरी चालीचं नाव तेच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा संगीतकाराने ही चाल बांधली आणि आपल्या गावाचं नाव दिलं, थॉर्नबी.

"आणि ते संगीतकार?"

"वारले की! शंभर वर्षं तरी झाली."

घरी आले. सासूबाई दारातच. "आवडला का गं शिरा पाहुण्यांना?"

"आई, ते वारले."

"अरे देवा! आणि आपण गोडाचं केलं!"

आणि मी? एमटेक झालेली बाई! चटकन म्हणाले, "हो ना! थांबा, आधी आंघोळ करून येते."