अण्णांची क्रियापदं

मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. "अण्णा गेले रे," एवढंच माझी बायको बोलू शकली. तासाभरापूर्वीच मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, "संध्याकाळी येतो" म्हणून निघालो होतो. त्याला आता पाच आठवडे झाले.

माझे वडील, अण्णा, कराडजवळच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. आई गेल्यावर आम्ही त्यांना सिंगापूरला, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये आणलं. इथे त्यांना एकच विद्यार्थिनी मिळाली, माझी नऊ वर्षांची मुलगी रेवा. सकाळी स्कूल बस खाली उभी, हिचा एक पाय अजून उघडाच, आणि हाक मारली की इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून उत्तर यायचं, "आय ॲम वेअरिंग माय शूज, लाह." अण्णा पेपर बाजूला ठेवायचे. "घालते आहेस तोवर पुटिंग ऑन. घालून झाले की वेअरिंग. नीट सांग आणि जा." बस चुकेल म्हणून मी चिडायचो. रेवा मात्र हसत वाक्य दुरुस्त करायची आणि पळायची.

मग एका दुपारी जेवताना त्यांच्या हातातून घास गळला... अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. समजायचं सगळं, पण बोलायला गेले की मराठीही सापडायची नाही आणि इंग्रजीही. स्पीच थेरपिस्ट एक तरुण चिनी मुलगी होती, फार प्रेमळ. तिने चित्रं समोर धरली. घड्याळ, चष्मा, साडी. "एकच शब्द पुरे, अंकल. वेअर." अण्णांनी नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताने उजव्या मनगटाभोवती वेढा घालत म्हणाले, "बां... बां..." मी म्हटलं, "बांधतो?" त्यांचे डोळे भरून आले. मग चष्म्याला "लावतो" आणि साडीला "नेसते", दोन्ही मीच पुरवले, त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. "काय म्हणतायत ते?" थेरपिस्टने दर वेळी इंग्रजीत विचारलं. "वेअर," मी तिन्ही वेळा सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो... तिने कागदावर तीन बरोबरच्या खुणा केल्या. अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

शेवटच्या आठवड्यात छातीत कफ साठला. ऑक्सिजनचा मास्क ते सारखे ओढून काढायचे. त्या सकाळीही त्यांनी तो काढला होता. नर्स मास्क हातात धरून म्हणाली, "अंकल, मस्ट वेअर, ओके?" अण्णांचे ओठ बराच वेळ नुसते हलले. मग अगदी स्पष्ट आलं, "पुट... ऑन."

"व्हेरी गुड, अंकल," म्हणत तिने मास्क चढवला. अण्णांचा डावा हात वर येऊ लागला. मी तो पकडला आणि गादीवर दाबून धरला. त्यांनी थोडा जोर केला, मग सोडून दिला. त्यानंतर ऑफिसची वेळ झाली.

ते शेवटी काय बोलले, हे रेवाने परवा विचारलं. मी सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे त्यांना मास्क हवा होता, की ते नर्सला करेक्ट करत होते?"

"हवा होता," मी म्हणालो.