साडूबुवा आणि लसणाचा वास

चिलटं हाकलणारी माणसं जगात कोट्यवधी असतील. चिलटांना सकाळ-संध्याकाळ जेवू घालणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळी गमतीचं. भाऊ निदान आपल्या आईबापांनी दिलेला असतो, साडू सासरेबुवा परस्पर गळ्यात बांधतात. आमच्या सासऱ्यांनी थोरल्या मुलीसाठी अमरावतीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा हा उंच, वाळकुडा, सतत कशाकडे तरी डोळे बारीक करून बघणारा गृहस्थ शोधला आणि धाकटीसाठी अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवणारा मी. विज्ञानाशी माझा संबंध दाढीच्या साबणापुरता. त्यामुळे मी साडूबुवांचा आदर्श श्रोता ठरलो. मला काहीही सांगितलं तरी ते चूक आहे असं मी म्हणू शकत नसे.

चिलटं ते बाटल्यांत पाळत. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, आत ज्वारीच्या कण्यांची गूळ घातलेली पेज, वर कापसाचा बोळा. आमच्या वऱ्हाडात कापसाला तोटा नाही, पण त्याचा असा उपयोग करणारे तेच पहिले असावेत. इतवाऱ्याच्या बाजारात जाऊन ते केळेवाल्याकडे सडकी केळी मागत आणि त्यातली जरा कमी सडलेली असली तर परत करत. "सायेब, बकरी पाळली का?" असं त्याने एकदा विचारलं. साडूबुवा म्हणाले, "नाही बाप्पा, बकरीपेक्षा मोठं खटलं आहे घरात." आमच्याकडे जेवायला बसले असता ताटावरचं चिलट मी हाताने उडवायला गेलो की ते माझं मनगट धरत, वाकून पाहत आणि "मारा, हे आपल्यातलं नाही," अशी परवानगी देत. एकदा अमरावतीहून अकोल्याला येताना त्यांनी फडक्याने झाकलेली टोपली मांडीवर घेतली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे बसने खड्डा खाल्ला, आत काहीतरी टक्‌कन वाजलं आणि हे ओरडले, "खिडक्या लावा! कोणी हलू नका! सुटली!" काय सुटलं हे विचारायला कोणी थांबलंच नाही. झाकलेली टोपली घेऊन फिरणारा माणूस गारुडीच असणार असं ठरवून अख्खी बस रस्त्यावर उतरली. बाहेरून कंडक्टर त्यांना हात जोडून विनवत होता आणि हे आत एकटेच एका बाईच्या संत्र्यांच्या पाटीवर ओणवे होऊन आपली लेकरं गोळा करत होते.

हे सगळं कशासाठी, तर सेलेनियमसाठी. सेलेनियम म्हणजे गंधकाचा चुलतभाऊ, असं त्यांनी मला समजावलं होतं. चिमटीच्या हजाराव्या हिश्श्याइतकं पोटात गेलं तर शरीराला उपयोगी, त्याहून जास्त गेलं तर विष. परदेशात कुठे कुठे जमिनीत ते जास्त असतं, तिथलं गवत खाऊन गुरांचे केस झडतात, खूर फुटतात, हे त्यांनी वाचलं होतं; आणि त्याच सुमारास परतवाड्याच्या बाजारात त्यांना खूर बिघडलेला एक बैल भेटला. गुरांच्या डॉक्टरने त्याला खुरकूत झाली आहे असं सांगितलं, बैलवाल्यानेही तेच सांगितलं, बैलाला बोलता आलं असतं तर त्यानेही तेच सांगितलं असतं. साडूबुवांना ते पटलं नाही. पण बैल घरात पाळता येईना, म्हणून त्यांनी लहान जिवांवर सुरुवात केली: चिलटं, शिळ्या भाकरीवरची बुरशी, आणि पाण्याच्या पेल्यांच्या तोंडांवर बसवलेले कांदे. कोणत्या पेल्यात सेलेनियमचा किती क्षार, त्यावर कांद्याच्या मुळ्या लांब वाढायच्या की आखडायच्या. "साडूबुवा," ते मला म्हणत (आम्ही दोघेही एकमेकांना साडूबुवाच म्हणत असू), "साध्या जिवाला कमी लेखू नका. जे बुरशीत तेच चिलटात, जे चिलटात तेच बैलात." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की आरतीसारखं त्यांच्याबरोबर म्हणू शकत असे.

या घरात त्यांच्या आत्याबाई होत्या. साडूबुवा तान्हे असताना आई गेली, तेव्हा बालविधवा आत्याने त्यांना पदराखाली घेतलं, शेतीच्या वाट्यावर भांडून शिकवलं आणि पुढे त्यांच्याबरोबर अमरावतीला आल्या. बाई कडक होत्या. चातुर्मासात कांदा-लसूण घरात नाही म्हणजे नाही. प्रयोगाचे कांदे पाहून त्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग भाच्याने "खायचे नाहीत, आत्या, नुसते पाह्यचे हायत," असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मंग राहू दे. पन चुलीकडं आनू नको." एवढी सवलत त्यांनी देवाच्या बापालाही दिली नसती.

विदर्भ नव्यानेच महाराष्ट्रात आला होता, त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. मेहुणीबाईंचा अकोल्याला निरोप आला की लगेच या, आत्याबाई घर सोडून चालल्या. मी गेलो तर ओसरीवर त्यांची पत्र्याची पेटी आणि वळकटी बांधून तयार. धामणगावला दुसऱ्या भाच्याकडे कायमचं निघायचं होतं. साडूबुवा खांबाला टेकून उभे, चेहरा उतरलेला. मला पाहताच आत्याबाईंनी खटला माझ्यापुढे मांडला.

"भाऊ, तुमीच हुंगा याचं तोंड. मी म्हातारी, मले नाक नसंल. तुमाले त हाय ना?"

एका संसारी माणसाने दुसऱ्या संसारी माणसाचं तोंड हुंगावं असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. मी पुढे झालो, साडूबुवांनी "हाऽ" केलं आणि मी मागे सरलो. वास लसणाचाच होता. आताच ठेचा खाऊन उठावं तसा.

"खाल्ला त खाल्ला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "देव त्याचं पाहून घेईन. पन ज्याले मी लहानाचा मोठा केला, थो माया तोंडावर खोटं बोलून राह्यला. मंग मी कोनासाठी राहू इथं?"

"आत्या, तुयी आन. मी लसनाले हातबी लावला नाही."

"पाहा, आता माई खोटी आनबी घेते!"

साडूबुवांनी माझा दंड धरला आणि मला ओढतच प्रयोगाच्या खोलीत नेलं. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. साडूबुवांनी बुरशीची एक बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरली. तोच वास.

"हा घ्या पुरावा!" वर्गात शिकवावं तशा उत्साहाने ते म्हणाले. "बुरशीला सेलेनियम पाजलं की ती त्याचा वायू करून बाहेर टाकते. त्या वायूला लसणाचा वास येतो. तोच माझ्या कपड्यांना लागला."

"पण साडूबुवा, वास कपड्यांना नाही, तोंडाला आहे."

"तोंडाला तर तोंडाला! तत्त्व एकच. जे बुरशीत तेच चिलटात, जे चिलटात तेच बैलात, जे बैलात तेच..."

मी पुढचं ऐकायला थांबलो होतो. टेबलावर काचेची नळी पडली होती; त्या नळीने साडूबुवा सेलेनियमचं पाणी तोंडाने ओढून मोजत, कधी घोटभर वर आलं तर थुंकून टाकत, आणि तसेच चहाला बसत. त्यांनी आधी त्या नळीकडे पाहिलं, मग आपल्या नखांकडे. महिनाभर नखं तडकत होती आणि दोष साबणाला मिळत होता.

"काय झालं?" उंबऱ्यातून आत्याबाईंनी विचारलं.

"आत्या," साडूबुवा हळूच म्हणाले, "हा वास लसनाचा नाही. इखाचा हाय. माया पोटात गेलं."

आत्याबाई उंबरा ओलांडून आत आल्या आणि त्या कांद्यांच्या रांगेतच खाली बसल्या. सोवळं-ओवळं काही उरलं नाही. भाच्याचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी जो टाहो फोडला तो मी विसरलेलो नाही. "अरे, लसूनच काहून नाही खाल्ला रे तू! रोज खाल्ला असता त मी काय मारलं असतं तुले?"

डॉक्टरांनी धीर दिला. वेळेवर लक्षात आलं, आता त्या बाटलीला शिवू नका, शरीर आपोआप धुऊन निघेल, असं ते म्हणाले. क्षाराची बाटली कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद झाली, वळकटी सुटली, चिलटांना बिनविषाची पेज सुरू झाली. पण आत्याबाईंचा विज्ञानावर विश्वास नव्हता, स्वतःच्या नाकावर होता. साडूबुवा कॉलेजातून आले की दारातच त्या उभ्या. "हा कर." भर रस्त्यात, टाय लावलेला प्राध्यापक तोंड वासून "हाऽ" करी, तेव्हा त्यांना घरात प्रवेश मिळे. हळूहळू वास विरला आणि दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्या नुसतं "जाय आत," म्हणाल्या.

चातुर्मास संपल्यावर मेहुणीबाईंनी हौसेने लसणाची चटणी वाटली, तर आत्याबाईंनी वाटी उचलून बाजूला ठेवली. आता याने जन्मभर लसूण खायचा नाही. धर्मासाठी नव्हे, याने लसूण खाल्ला आणि उद्या पुन्हा विषाचा वास आला तर ओळखायचा कसा? साडूबुवा थक्क होऊन मला म्हणाले, "बघा, प्रयोगात एवढी काळजी मी कधी घेतली नव्हती." आणि तो ठेच्यावर जीव टाकणारा वऱ्हाडी माणूस पुढची कितीतरी वर्षं बिनलसणाचं जेवला. घरी आल्यावरचं "हा कर" आत्याबाई अंथरुणाला खिळल्या तरी चालूच राहिलं, फक्त दाराऐवजी खाटेजवळ.

आत्याबाई गेल्या, त्याच्या पुढल्या हिवाळ्यात साडूबुवा आमच्याकडे अकोल्याला आले. माझ्या बायकोने ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर लसणाची लालभडक चटणी वाढली. वास घरभर दरवळला. मी म्हटलं, "घ्या आता, साडूबुवा. आता कोण अडवतंय?" मी अगदी सहज बोलून गेलो. त्यांनी चटणीकडे बघितलं, बोट पुढे नेलं आणि परत घेतलं.

"नको," ते म्हणाले. "मग आत्याले वास कसा कळंल?"

मी चटणीची वाटी माझ्या ताटाजवळ ओढून घेतली. त्यांच्या भाकरीवर बायकोने तूप वाढलं, आणि आम्ही जेवायला लागलो.